वायरचं इंटरनेट मध्येच तुटतंय? फॉरमॅट मारण्याआधी तार बघा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं दुमजली घर, जाड भिंती. फायबरचा बॉक्स आणि राउटर खाली सोप्यात, संगणक माडीवर. वाय-फाय माडीवर धड पोचत नाही म्हणून भिंतीतून लॅन वायर नेलेली आहे. ती काही वर्षांपूर्वी लाईट फिटिंग करणाऱ्यानेच ओढली. प्लॅन २०० एमबीपीएसचा. राउटरजवळ मोबाईल धरला की पूर्ण स्पीड मिळतो, संगणकावर मात्र ९४ च्या वर कधीच जात नाही. शिवाय मधूनच ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’ असं येतं आणि थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होतं. पावसाळ्यात हा प्रकार वाढतो. इंटरनेटवाल्याचा माणूस मोबाईलवर स्पीड दाखवून ‘आमच्याकडून ओके’ म्हणून गेला. संगणक दुरुस्त करणारा म्हणतो, फॉरमॅट मारूया, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकूया.

फॉरमॅट मारू नका. तुमच्या वर्णनातच तीन खुणा आहेत आणि तिन्ही खुणा भिंतीतल्या वायरीकडे किंवा तिच्या दोन टोकांच्या क्लिपांकडे जातात. विंडोजचा यात हात असलाच तर फार थोडा.

पहिली खूण मोबाईलची. त्याच राउटरवर मोबाईलला २०० मिळत असतील, तर फायबर, बॉक्स आणि राउटरचा इंटरनेटकडचा भाग ठीक आहे. तो माणूस खोटं बोलला नाही. त्याचं काम राउटरशी संपतं, पुढची वायर तुमची.

दुसरी खूण ९४ हा आकडा. हा आकडा ऐकला की माझं अर्धं काम होतं. संगणक आणि राउटर एकमेकांशी जोडले जाताना आपसात वेग ठरवतात: १०, १०० किंवा १००० एमबीपीएस, नव्या यंत्रांत त्याहूनही जास्त. जोडणी १०० वर झाली तर डेटाच्या पाकिटांवरचा पत्त्याबित्त्याचा मजकूर वजा जाता स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ दिसतात. म्हणजे तुमची जोडणी १००० वर व्हायला हवी होती, ती १०० वर अडकली आहे. लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनचे पीळ घातलेल्या चार जोड्या. १०० च्या जोडणीला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, क्लिपेतल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या पिना. १००० साठी आठही तारा लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली किंवा पिनेला नीट टेकली नाही, तर बहुतेक लॅन कार्डं मुकाट्याने खाली उतरून १०० वर काम चालवतात. आपल्याला वाटतं नेट चालू आहे. खरं तर ते निम्म्या तारांवर चालू असतं.

इथे एक शंका मात्र आधी दूर करून घ्या. स्वस्तातल्या राउटरची आणि काही फायबर बॉक्सची लॅन पोर्टं मुळातच १०० ची असतात. काही बॉक्सवर एकच पोर्ट १००० चं आणि बाकीची १०० ची असतात. मॉडेलचा नंबर टाकून तपशील बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट इथे गेलात की ‘लिंक स्पीड’ समोर १००/१०० किंवा १०००/१००० असं लिहिलेलं सापडेल. तो आकडा कागदावर टिपून ठेवा, पुढे लागणार आहे.

तिसरी खूण त्या संदेशाची. ‘नो इंटरनेट’ आणि ‘केबल अनप्लग्ड’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ‘नो इंटरनेट’ म्हणजे संगणक राउटरपर्यंत पोचतोय, पुढे कुठेतरी वाट बंद आहे. ‘केबल अनप्लग्ड’ म्हणजे पलीकडून विजेचा संकेतच येत नाही. तिथे डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) बदलून, ब्राउझर बदलून, अँटीव्हायरस काढून काही होणार नाही. घरोघरी लोक नेमकं तेच करत बसतात, कारण त्या गोष्टी खुर्चीवर बसून करता येतात आणि वायर बघायला कपाट सरकवावं लागतं.

फॉरमॅटचा एवढा बोलबाला का, तेही सांगतो. फॉरमॅटनंतर अनेकदा नेट खरंच सुधारतं, दोन-चार दिवस. सीपीयू दुकानात न्यायचा तर वायर उपटावी लागते, परत आणल्यावर ती खोचली जाते, आणि त्या घासण्याने पिनांवरचा गंज थोडा निघतो किंवा ढिली क्लिप नीट बसते. गुण त्याचा असतो. श्रेय आणि पैसे फॉरमॅटला मिळतात.

आता तपासणी. पहिली चाचणी अंगमेहनतीची आहे, पण तिच्याइतकं स्पष्ट उत्तर दुसरी कुठलीच देत नाही. संगणक माडीवरून खाली आणा आणि राउटरसोबत आलेल्या छोट्या वायरीने थेट जोडा. लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप कुणाकडे असेल तर उलटं करा: तो माडीवर नेऊन तीच भिंतीतली वायर त्याला लावा. खाली संगणक १००० वर जोडला गेला आणि तासभर एकदाही तुटला नाही, तर संगणक निर्दोष, भिंतीतली वायर दोषी. खालीही तेच रडगाणं असेल तर राउटरचं दुसरं पोर्ट वापरून बघा. पोर्ट बदलून फरक पडला तर ते पोर्ट गेलं. नाहीच पडला तर संगणकाचं लॅन कार्ड. एकावेळी एकच गोष्ट बदला. वायर, पोर्ट आणि ड्रायव्हर (लॅन कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) एकदम बदलले तर नेट चालू होईल, पण कशाने झालं ते कळणार नाही, आणि महिन्याभराने परत तिथेच याल.

दुसरी चाचणी खुर्चीवर बसून करायची. कमांड प्रॉम्प्टच्या (विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायची जागा) दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत ‘पिंग १९२.१६८.१.१ -टी’ आणि दुसरीत ‘पिंग ८.८.८.८ -टी’ असं टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांत. पिंग म्हणजे त्या पत्त्याला सारखी हाक मारून उत्तर येतंय का बघणं. पहिला पत्ता बहुतेक घरांत राउटरचा असतो. तुमचा वेगळा असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा दिल्यावर ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसेल. दुसरा पत्ता गूगलच्या सर्व्हरचा. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवा आणि आपलं काम करत राहा. नेट अडखळलं की त्यांच्याकडे बघा. दोन्हींत ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ आलं तर बिघाड घरात, संगणक आणि राउटर यांच्यामध्ये. पहिली सुरळीत आणि दुसरीच अडली, तर बिघाड राउटरच्या पुढे. मग खुशाल इंटरनेटवाल्याला फोन करा. वायरीवर राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं. मधूनच ते शे-दोनशेवर उडत असेल तरी वायरीचा किंवा राउटरवरच्या ताणाचा संशय घ्या. त्या खिडक्यांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की कस्टमर केअर राउटर बंद-चालू करायला सांगतं. ‘राउटरपर्यंत एकही पाकीट हरवत नाही, पुढे हरवतात’ म्हटलं की समोरचा जरा सावरून बसतो.

वायरीकडे वळतो, कारण तुमचं दुखणं तिथेच आहे आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत मला सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवावा लागतो.

क्लिपेपासून सुरुवात करा, तिला दुकानात आरजे ४५ म्हणतात. ती पारदर्शक असते. उजेडात धरून आतला तारांचा क्रम बघा. खटका मागे, पिना आपल्याकडे आणि वायर खाली लोंबती ठेवून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम हवा. लाईट फिटिंग करणारे कसबी असतात, पण त्यांच्या डोक्यात ‘दोन्ही टोकांना सारखं लागलं की झालं’ हा विजेच्या तारांचा हिशोब असतो. मग ते रंगांच्या जोड्या ओळीने लावतात: नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, तपकिरीची. टेस्टर लावला तर आठही दिवे क्रमाने लागतात आणि फिटिंग पास होतं. पण ३ आणि ६ या पिना एकाच पिळाच्या असायला हव्यात, आणि या लावणीत त्या दोन वेगळ्या पिळांतल्या होतात. पीळ घातलेला असतो तो बाहेरचा उपद्रव दोन्ही तारांवर सारखा पडून एकमेकांत नाहीसा व्हावा म्हणून. जोडी फुटली की ते संरक्षण गेलं. छोट्या वायरीत हे खपून जातं. माडीपर्यंतच्या लांबीत नेट रडतखडत चालतं, आणि शेजारून विजेची तार जात असेल तर विचारूच नका. हा दोष साध्या आठ दिव्यांच्या टेस्टरवर दिसत नाही, म्हणून क्रम डोळ्यांनीच तपासायचा.

दुसरं, वायर ओढलेली कुठून आहे? विजेच्या फिटिंगसोबत एकाच नळीतून लॅन वायर नेणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. ते दोन कारणांनी वाईट. सुरक्षेच्या दृष्टीने तर आहेच, कारण आतल्या एखाद्या तारेचं आवरण सोललं तर २३० व्होल्ट थेट तुमच्या राउटरवर येऊ शकतात. शिवाय शेजारच्या तारेत मोटार, मिक्सर, पंप चालू-बंद झाला की झटका लॅन वायरीत उतरतो. उद्यमनगरकडच्या एका वर्कशॉपमध्ये ऑफिसमधला संगणक दिवसभर तुटायचा आणि जेवणाच्या सुट्टीत शहाण्यासारखा चालायचा. कॉम्प्रेसरची केबल आणि लॅन वायर एकाच ट्रेमधून गेलेल्या होत्या. लॅन वायर हातभर दूर घेतली, बाकी काही केलं नाही. तुमच्या घरी नेट तुटण्याची वेळ आणि पाण्याच्या मोटारीची वेळ जुळते का, तेवढं दोन दिवस बघा. विजेची तार ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी, समांतर नेऊ नये.

तिसरं, वायर कसली आहे? बाजारात शुद्ध तांब्याची वायर असते आणि वर तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम अशीही असते. बाहेरून दोन्हीवर मोठ्या अक्षरांत कॅट सिक्स (लॅन वायरीचा एक दर्जा) लिहिलेलं असतं. ब्लेडने एक तार खरवडा. आतून पांढरट चकाकी दिसली तर ॲल्युमिनियम. ती दोन-तीनदा वाकवली की तुटते, तिचा अवरोध तांब्यापेक्षा जास्त असतो आणि टोकाशी ओल लागली की ती लवकर बिघडते. आपल्याकडे जूनपासून चार महिने भिंती ओल धरतात. अशा वायरीची टोकं तेवढ्यात कामातून जातात. तुमची पावसाळ्यातली तक्रार यातूनच आली असण्याची शक्यता मला बरीच वाटते. दुसरी शक्यता म्हणजे वायर गच्चीवरून किंवा खिडकीतून आत आली असेल आणि पाणी तिच्यावरून ओघळत थेट क्लिपेपर्यंत येत असेल. बाहेरून येणारी वायर भोकात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्यावी, म्हणजे पाणी झोळापाशी गळून पडतं. क्लिपेच्या पिनांवर हिरवट थर दिसला तर घासत बसू नका, क्लिप कापून नवी लावा.

मधला जोड, खिळा ठोकताना टोचलेली वायर, दारात चेंगरलेली वायर, उंदीर, खारी: हे सगळं एका वाक्यात सांगता येतं, कारण उपाय एकच आहे. लॅन वायरीला पीळ देऊन, टेप गुंडाळून केलेला जोड कधीच भरवशाचा नसतो. तिथे वायर बदलायची.

नुसती क्लिप बदलून भागतं का? भागू शकतं, आणि आधी तेच करून बघावं. क्लिप काही रुपयांची मिळते. क्रिम्पिंगचं, म्हणजे क्लिप वायरीवर दाबून बसवायचं हत्यार नसेल तर राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या संगणकाच्या दुकानातून माणूस मिळेल. दोन्ही टोकं तीन-चार इंच मागून कापा, म्हणजे गंजलेला भाग निघून जाईल. कॅट सिक्सची तार जाड असते, तिला कॅट सिक्सचीच क्लिप मागा. पीळ क्लिपेच्या तोंडापर्यंत राहू द्या. दीड-दोन इंच उकलून ठेवणारे कारागीर काम लवकर उरकतात, पण वायरीचा दर्जा तिथेच घालवतात. बाहेरचं आवरण क्लिपेच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर सगळा ताण त्या बारीक तारांवर येतो.

खाली थेट जोडूनही संगणक तुटत असेल, तरच आता लिहितो ते करा. संगणकाच्या लॅन पोर्टात टॉर्च मारून आठही पिना समांतर आहेत का बघा. एखादी दबलेली असते, कधी आत मुंगी-कोळ्याचं घर असतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ या अर्थाची खूण काढा. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ किंवा ‘ग्रीन इथरनेट’ असेल तर तेही बंद करा. काही राउटरांशी त्याचं जमत नाही आणि जोडणी मधूनच सुटते. तिथेच ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हा पर्याय ‘ऑटो निगोशिएशन’वर असल्याची खात्री करा. कुणीतरी कधीतरी तो हाताने ‘१०० फुल डुप्लेक्स’वर ठेवलेला असतो. मग राउटरला समोरच्याचा अंदाज येत नाही, तो हाफ डुप्लेक्स (एकावेळी एकाच दिशेने बोलणं) धरतो, आणि नेट जोडलेलं असूनही गोगलगाईच्या चालीने चालतं.

संगणकाला रोज बंद करूनही दोष जात नसेल तर एकदा ‘रीस्टार्ट’ करून बघा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असतं तेव्हा ‘शट डाउन’ केल्यावर यंत्रणेचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. बिघडलेली स्थितीही. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

तरीही शंका राहिली आणि दोष विंडोजचा की यंत्राचा हे ठरत नसेल, तर फॉरमॅटपेक्षा सोपा मार्ग आहे: पेन ड्राइव्हवरून उबुंटूसारखी लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट यंत्रणा) चालू करा, काहीही इन्स्टॉल न करता. त्यात लॅन नीट चाललं तर विंडोजचा ड्रायव्हर किंवा सेटिंग दोषी. तिथेही तुटलं तर यंत्र. तुमच्या फायलींना धक्का न लावता अर्ध्या तासात निकाल. पोर्टच गेलेलं निघालं तर मदरबोर्ड बदलायला निघू नका. जादा लॅन कार्ड किंवा यूएसबीला लागणारा लॅन अडॅप्टर घ्या. यूएसबी ३ चा आणि १००० चा आहे ना, ते खोक्यावर वाचून घ्या.

इथून पुढचं तुमच्यासाठी नाही, ‘वायर नीट आहे, जोडणी दिसते, पण पान उघडत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी. आयपीकॉन्फिगमध्ये पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने स्वतःच एक काढून घेतला आहे. याचं आपल्याकडे नेहमी आढळणारं भावंड म्हणजे जुना ठरवून दिलेला पत्ता. आधीच्या केबलवाल्याने संगणकात हाताने आयपी भरून दिलेला असतो, नवं फायबर आल्यावर तो कुणी काढत नाही. मोबाईल चालतात, संगणक रुसतो. इथरनेटच्या सेटिंगमध्ये आयपी आणि डीएनएस दोन्ही ‘ऑटोमॅटिक’ करा. ८.८.८.८ ला पिंग जातंय पण नावाने एकही साइट उघडत नाही, तर डीएनएस; राउटरमध्ये किंवा संगणकात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ घालून बघा. पिंग सगळीकडे जातंय पण ब्राउझरच चालत नाही, तर प्रॉक्सीच्या (ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामधल्या मध्यस्थाच्या) सेटिंगमध्ये कुणीतरी काहीतरी घालून ठेवलंय का बघा. फुकटातली सॉफ्टवेअरं हा उद्योग करतात.

आणि सगळ्या साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असतील तर उजव्या कोपऱ्यातली तारीख वाचा. जुन्या संगणकाचा मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. साइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला अस्तित्वातच नसतात, मग ब्राउझर नाही म्हणणारच. सेल घड्याळवाल्याकडेही मिळतो. यावरही फॉरमॅटचे पैसे घेतलेले मी बघितले आहेत.

माडीवर वाय-फाय मिळावं म्हणून जुना राउटर त्याच वायरीला जोडण्याची कल्पना चांगली आहे, तुम्हीही करालच. फक्त त्या जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम) बंद करा आणि वायर त्याच्या लॅन पोर्टात लावा, वॅनमध्ये (इंटरनेटच्या वायरीसाठीच्या पोर्टात) नाही. हे न करता जोडलात तर घरात पत्ते वाटणारे दोन होतात, आणि कोणत्या यंत्राला कोणाचा पत्ता मिळाला यावर नेट चालणं न चालणं ठरतं. सकाळी मोबाईल चालतो, दुपारी टीव्ही चालत नाही, संध्याकाळी उलट. एकाच वायरीची दोन्ही टोकं एकाच राउटरात खोचून ठेवणं हा याचा थोरला भाऊ. त्याने सगळ्या घराचं नेट बसतं. पसारा आवरताना मोकळं लोंबणारं टोक दिसलं की कुणीतरी ते रिकाम्या पोर्टात घालतं.

सगळ्या घराचंच नेट गेलं, तर आधी फायबर बॉक्सचा दिवा. ‘लॉस’ लाल असेल तर प्रकाश बॉक्सपर्यंत येत नाही. तुमच्या हातात एवढंच की पिवळी किंवा पांढरी बारीक केबल कुठे फार वाकली किंवा कपाटाखाली चेंगरली का ते बघायचं. तिची क्लिप काढून आत डोकावू नका, त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही पण असतो. हिरव्या टोकाची केबल निळ्या टोकाच्या जागी लावू नका, दोन्हींच्या काचेचा काप वेगळा असतो. विसर्जनाची मिरवणूक, वाऱ्याने पडलेली फांदी, रस्त्याचं खोदकाम यांनंतर लाल दिवा लागला तर सरळ तक्रार नोंदवा. शेजारचा ‘पॉन’ दिवा हिरवा, लॉस बंद, तरी नेट नाही, तर खात्याचा प्रश्न असतो: रिचार्ज संपला, किंवा राउटर बदलल्यावर इंटरनेटवाल्याने जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवलेला आहे. थेट संगणकावर डायल करणाऱ्यांना ६९१ दिसलं तर युजरनेम-पासवर्ड चुकला किंवा खातं बंद; ६५१ दिसलं तर वायर आणि बॉक्स बघा.

बॉक्सच्या मागच्या भोकात टाचणी खुपसून रीसेट मात्र करू नका. त्यात इंटरनेटवाल्याने भरलेली सेटिंग पुसली जातात, आणि मग त्याचा माणूस येईपर्यंत मोबाईलचं वाय-फायसुद्धा बंद. बंद करून दहा-पंधरा सेकंदांनी चालू करणं वेगळं, रीसेट वेगळं.

वळवाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर ढग भरून आले की प्लगातून अडॅप्टर काढा आणि राउटरकडची लॅन वायरही काढा. लोक अडॅप्टर काढतात आणि लॅन वायर विसरतात. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या बऱ्याच केबलींना आधाराची पोलादी तार असते. ती बाहेरच संपली पाहिजे, बॉक्सपर्यंत आत आणलेली नको. गच्चीवरून किंवा शेजारच्या घरातून आलेली तांब्याची लॅन वायर सर्वांत धोक्याची. विजेचा कडकडाट झालेल्या रात्रीनंतर संगणकाचं पोर्ट मेलेलं असेल तर राउटरची चारही पोर्टं एकेक करून तपासा. एक जळतं आणि बाकीची चालतात असं खूपदा होतं. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, हे जुन्या घरांत वायरमनकडून एकदा तपासून घ्या. नसेल तर सर्ज प्रोटेक्टर ही नुसती महागडी एक्स्टेंशन बोर्ड ठरते.

तर तुम्ही आधी खाली आणून तपासा, मग दोन्ही क्लिपा कापून नव्या लावा. लिंक स्पीड १००० दिसला आणि पाऊस पडूनही जोडणी टिकली, तर काम झालं. नाहीच, तर वायर बदलायची. शुद्ध तांब्याची कॅट सिक्स घ्या, ‘अख्खं तांबं’ असं दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. जुनी वायर नळीत सैल असेल तर तिच्याच टोकाला नवी बांधून ओढा, आणि एकीच्या ऐवजी दोन ओढा; दुसरी तशीच पडून राहू दे, माडीवर पुढे टीव्ही किंवा कॅमेरा येणारच आहे. मात्र नळीत विजेच्या तारा असतील तर तिथून पुन्हा नेऊ नका, आणि मेन स्विच पाडल्याशिवाय त्या नळीला हात लावू नका. जिन्याच्या कडेने वेगळी पट्टी मारून घ्या. दोन्ही टोकांना लोंबती क्लिप ठेवण्यापेक्षा भिंतीवर आयओ बॉक्स (लॅनचं सॉकेट) बसवा आणि तिथून संगणकापर्यंत तयार पॅच कॉर्ड (दोन्हीकडे क्लिप असलेली छोटी वायर) वापरा, म्हणजे ओढाताण त्या बदलता येण्याजोग्या तुकड्यावरच राहील. फिटिंगवाला ‘झालं’ म्हणाला की त्याच्यासमोर संगणक चालू करून लिंक स्पीड बघा. तिथे १००० दिसल्याशिवाय त्याचे पैसे चुकते करू नका.